आंजर्ल्यात तीन दिवस, आठ माणसं : होमस्टेचा आणि हर्णै-मुरुड पट्ट्याचा आमचा अनुभव

आमच्या घरात समुद्रावर जायचं म्हटलं की पहिला प्रश्न आईंच्या गुडघ्यांचा येतो आणि दुसरा बाबांच्या माशांचा. आई म्हणजे माझ्या सासूबाई, वय ७१, दोन्ही गुडघे दुखरे, खाली बसायचा संडास अजिबात चालत नाही आणि पक्क्या शाकाहारी. बाबांना मात्र कोकणात जाऊन ताजी मासळी मिळाली नाही तर ट्रीप झाल्यासारखीच वाटत नाही. त्यात आमची दोन पोरं, एक नऊ वर्षांचा आणि एक चार वर्षांची, शिवाय नणंद आणि तिची कॉलेजातली लेक. अशी आम्ही दोघं धरून आठ माणसं एका गाडीत घालून पुण्याहून दापोली तालुक्यात आंजर्ल्याला तीन रात्री राहून आलो, माघी पौर्णिमेला जोडून. इतकी समाधानाची ट्रीप आमची कित्येक वर्षांत झाली नव्हती म्हणून सगळं सविस्तर लिहितेय, ज्यांना म्हातारी माणसं आणि लहान मुलं दोन्ही घेऊन जायचंय त्यांना उपयोग होईल.

आधी गेल्या वर्षीचं सांगते कारण त्यावरूनच शिकलो. याच किनाऱ्यावर एका रिसॉर्टचं ऑनलाइन बुकिंग केलं होतं, नाव घेत नाही. फोटोत खोलीच्या खिडकीतून समुद्र दिसत होता, आणि तो खरंच दिसत होता, पण खोली दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिन्याला एका बाजूला कठडा नाही, आणि बीचवर उतरायला जांभ्या दगडाच्या चाळीसेक उंच पायऱ्या. आई तीन दिवसांत एकदा खाली उतरल्या. बाकी वेळ गॅलरीत खुर्ची टाकून बसून होत्या आणि आम्ही खालून हात करत होतो. त्या काही बोलल्या नाहीत पण मला ते फार लागलं. घरी आल्यावर ठरवलं की पुढच्या वेळी सी व्ह्यू, स्विमिंग पूल असलं काही बघायचं नाही, फोन करून फक्त पायऱ्या किती, संडास कसला आणि वाळूपर्यंत किती पावलं एवढंच विचारायचं.

यंदा आठ-नऊ ठिकाणी फोन केले. बहुतेकांनी "या हो, काही प्रॉब्लेम नाही, सगळं आहे" असं उत्तर दिलं. आंजर्ल्याच्या या घरातल्या काकूंनी मात्र उलट मलाच विचारलं, सासूबाईंना काठी लागते का? पलंग किती उंच हवा? रात्री बाथरूमला उठतात का? मग म्हणाल्या, "आमच्या खालच्या दोन खोल्यांपैकी मागची घ्या, तिथे ओटीची एकच पायरी आहे, आणि बाथरूमात धरायला दांडी बसवून घेतलीय, माझ्या सासूबाईंसाठी बसवली होती." मी तिथेच अॅडव्हान्स पाठवला. या घराचंही नाव लिहीत नाहीये, त्यांच्याकडे चारच खोल्या आहेत आणि जास्त गर्दी त्यांना झेपत नाही असं काकूंनीच सांगितलं, पण आंजर्ल्यात आणि मुरुडात अशी वाडीतली घरं बरीच आहेत, नीट विचारलं तर सापडतात.

घर म्हणजे नारळी-पोफळीच्या वाडीत जांभ्याचं जुनं कौलारू घर, पुढे सारवलेलं खळं म्हणजे अंगण, आणि बाजूला नवीन बांधलेल्या चार खोल्या. पाखाडीवरून, म्हणजे दगडी पायवाटेवरून, वाडीतून चालत गेलं की सुरूचं बन आणि मग वाळू. पावलं मोजली आम्ही, आईंच्या चालीने साडेतीनशे, सगळी सपाट, वाटेत बसायला दोन बाक. खोली साधी, टीव्ही नाही, पण चादरी स्वच्छ, खिडकीला जाळी, पंखा चांगला आणि कमोड. एसीची खोली २५०० रुपये, साधी १८००, आम्ही एक एसी दोन साध्या घेतल्या आणि एसी लावायची वेळच आली नाही, पहाटे तर पांघरूण लागत होतं. अंघोळीला बंबाचं पाणी. पोरांनी तांब्याचा बंब पहिल्यांदा बघितला, त्यात करवंट्या आणि नारळाची सोडणं टाकायला रोज सकाळी भांडणं.

आता मुख्य गोष्ट, जी मला आधी कोणीच सांगितली नव्हती. बुकिंगच्या वेळी मी होमस्टेच्या काकांना तारखा विचारल्या तर ते म्हणाले, "तारीख नको, तिथी बघू." आम्हाला शनिवार-रविवार हवा एवढंच माहीत. ते म्हणाले पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या आसपासचा शनिवार घ्या, संध्याकाळी तुम्हाला मोठी पुळण मिळेल. पुळण म्हणजे वाळूचा किनारा. मग त्यांनी हिशेब शिकवला तो असा, की जी तिथी असेल तिचा आकडा घ्यायचा आणि पाऊणपट करायचा, जे येईल ती साधारण भरतीची वेळ. म्हणजे अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, तर सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला पूर्ण भरती आणि दुपारी बारा-साडेबाराला ओहोटी. पौर्णिमेला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारच्या आत भरती होऊन जाते आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला पाणी पार खाली गेलेलं असतं. पौर्णिमेनंतर परत प्रतिपदेपासून एक मोजायचं. रोज साधारण पाऊण तास पुढे सरकतं. दहा-पंधरा मिनिटं इकडेतिकडे होतात, पण आम्ही तिन्ही दिवस घड्याळ लावून बघितलं आणि बरोबर आलं.

गेल्या वर्षी आम्ही नेमके अष्टमी-नवमीला गेलो होतो! म्हणजे मुलं खेळायला मोकळी व्हायची तेव्हाच समुद्र भरून आलेला, वाळूची एक चिंचोळी पट्टी उरायची, आणि दुपारी जेव्हा वाळू मोकळी तेव्हा डोक्यावर ऊन. आम्हाला वाटलं तो बीचच लहान आहे. यंदा आंजर्ल्याला चार वाजता गेलो तर पाणी मागे मागे सरकत होतं आणि ओली घट्ट वाळू इतकी लांबवर की पोरांनी त्यावर क्रिकेट, सायकल, किल्ले सगळं केलं, आणि मुख्य म्हणजे आई चालल्या. कोरड्या भुसभुशीत वाळूत पाय रुततो, गुडघ्यावर जोर येतो, म्हणून त्यांना बीच नको व्हायचा, पण ओहोटीची ओली वाळू फरशीसारखी असते. एका हातात काठी, दुसरा हात नातवाच्या खांद्यावर, असं त्या पाण्यापर्यंत गेल्या आणि पाऊल बुडेल एवढ्या पाण्यात उभ्या राहिल्या, दहा मिनिटं. मला तेव्हा रडू आलं, खरं सांगते.

अर्थात उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येला, पाण्याला ओढही जास्त असते हे काकांनी चार वेळा बजावलं. ओहोटी लागली की मोठ्यांनीसुद्धा गुडघ्याच्या वर पाण्यात जायचं नाही, आणि जोग नदी जिथे समुद्राला मिळते त्या खाडीच्या तोंडाकडे मुलांना फिरकूही द्यायचं नाही, तिथलं पाणी वरून शांत दिसतं पण आतून ओढतं. आणि कृपा करून गाडी वाळूवर नेऊ नका. कर्दे-मुरुडच्या बाजूला दरवर्षी गाड्या रुततात, ओल्या वाळूवर चाक छान चालतं म्हणून लोक पुढे पुढे जातात आणि मग भरती येते. आम्ही स्वतः एक मोठी गाडी अर्ध्या चाकांपर्यंत गेलेली बघितली, ट्रॅक्टर लावून गावातली पोरं काढत होती, आत बसलेल्या आजी घाबरून गेल्या होत्या. फोटोसाठी हे करू नका. ज्या वाळूवर गाड्या पळतात त्याच वाळूत कासवं अंडी घालतात हाही विचार करा.

रस्त्याचं थोडक्यात. आम्ही ताम्हिणी घाटातून माणगाव, महाड, मग कशेडीचा बोगदा, खेड आणि दापोली असे गेलो. सकाळी साडेपाचला निघून दीडला पोचलो, त्यात नाश्ता, मुलीची उलटी आणि दोन चहा धरा. बोगद्यामुळे कशेडी घाटाची वळणं वाचतात, उलट्या होणाऱ्या मुलांसाठी हे फार बरं झालंय. दापोलीपासून पुढचा रस्ता अरुंद आणि चढउताराचा, घाई करू नका. मुंबईकरांना कोकण रेल्वेने खेडला उतरून तिथून गाडी करता येते, दापोलीपर्यंत साधारण तासाभराचं अंतर. श्रीवर्धनकडून येणाऱ्यांना बागमांडला ते वेश्वी फेरीबोट आहे, गाडीसकट बाणकोटची खाडी ओलांडता येते, मुलांना ते जाम आवडतं. पूर्वी हर्णैकडून आंजर्ल्याला यायला तरीतून म्हणजे होडीतून खाडी ओलांडावी लागायची, आता पूल झालाय.

जेवण. इथे मी पाचपैकी पाच देते आणि कमी द्यायला कारणच नाही. घर शाकाहारी, पण रोज वेगळं. पहिल्या दुपारी वालाचं बिरडं, कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी, सोलकढी. रात्री मऊ भात, मेतकूट, तूप, पोह्याचा पापड, कारण काकूंनी बघितलं की मुलगी प्रवासाने सुकलीय, तिच्यासाठी न सांगता केलं. सकाळी घावन आणि नारळाची चटणी, दुसऱ्या दिवशी आंबोळी. ओल्या काजूंची उसळ मिळाली, सीझन नुकता सुरू होत होता त्यामुळे थोडीच, पण ज्यांनी ती खाल्ली नाहीये त्यांनी फेब्रुवारीच्या शेवटापासून मेपर्यंत कधीही कोकणात जाऊन फक्त तेवढ्यासाठी एक जेवण घ्यावं. ओले काजू सोलताना चिकाने हात सोलपटतात, काकूंची बोटं काळी पडलेली मी बघितली, म्हणून ती उसळ महाग असते आणि ती असायलाच हवी. थाळी २५० रुपये, उसळीचे वेगळे. उकडीचे मोदक आदल्या दिवशी सांगावे लागतात, आम्ही एकवीस सांगितले आणि एकही परत गेला नाही.

आणि बाबांचे मासे? काकूंच्या स्वयंपाकघरात मासे चालत नाहीत, हे त्यांनी फोनवर आधीच स्पष्ट सांगितलं होतं आणि मला ते आवडलं, कारण "सगळं मिळेल" म्हणून नंतर तोंडं वाकडी करणारे आम्ही बघितलेत. पण काकांनी हर्णैजवळच्या पाजपंढरीतल्या एका ताईंकडे सांगून ठेवलं होतं. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी लिलाव असतो तिथे जायचं, मासळी घ्यायची आणि त्या ताईंकडे द्यायची, त्या करून देतात. हर्णैचा लिलाव नुसता बघायला म्हणूनही जा. होड्या खोल पाण्यात उभ्या असतात आणि बैलगाड्या सरळ समुद्रात जाऊन मासळी घेऊन येतात, बैलांच्या पोटाला लाटा लागत असतात. माझा मुलगा तिथून हलेना. लिलाव मोठ्या ढिगांचा असतो, आपल्यासारख्यांनी त्यात पडायचं नाही, बाजूला बायका टोपल्या घेऊन बसतात त्यांच्याकडून घ्यायचं, भाव होतो पण फार घासाघीस करू नका, पहाटेपासून बसलेल्या असतात त्या. आम्ही एक सुरमई, थोडी कोळंबी आणि मांदेली घेतली. बाबा, नवरा आणि भाची ताईंच्या पडवीत बसून जेवले. बाबांनी तळलेली मांदेली एकट्याने ताटभर संपवली आणि ताईंना म्हणाले, "माझ्या आईच्या हातची चव होती." त्यांचं लहानपण अलिबागेजवळ गेलंय, हे वाक्य ते उगाच कोणाला म्हणत नाहीत. एक सांगते, लिलावाच्या जागी वास आणि चिखल दोन्ही भरपूर, वयस्कर माणसांना आत नेऊ नका, घसरायला होतं. आई आणि मी धाकटीला घेऊन वर रस्त्यावर थांबलो.

सुवर्णदुर्गाला जायला हर्णैहूनच होड्या मिळतात. तिथे आम्ही चौघंच गेलो, कारण किल्ल्यापाशी धक्का नव्हता, होडी वाळूला लागली की मांडीभर पाण्यात उडी मारून उतरावं लागलं. लाइफ जॅकेट मागून घ्या, लहान मुलांच्या मापाचं आहे का ते होडी सुटायच्या आधी बघा, आमच्या मुलाला मोठ्यांचं दिलं होतं ते मी बदलून मागितलं, तोवर होडी थांबवून धरली आणि त्याबद्दल मला अजिबात संकोच वाटला नाही. किल्ल्याच्या दाराशी पायरीवर कोरलेलं कासव आणि बाजूच्या भिंतीतला मारुती बघायला विसरू नका. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे ठाणं, पुढे तुळाजी आंग्र्यांच्या हातून १७५५ साली इंग्रजांच्या आरमाराने घेतलं, तेही पेशव्यांशी हातमिळवणी करून. हे मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, आपल्याच माणसांनी का मदत केली? त्यावर परतीच्या होडीत नवरा आणि भाची यांच्यात जी चर्चा सुरू झाली ती रात्रीच्या जेवणापर्यंत चालली. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले आले त्यात हा आहे, पण आत झाडोरा माजलाय, पाण्याच्या बाटल्या पडल्यात. आम्ही एक पिशवी भरून परत आणल्या. प्यायचं पाणी आणि टोप्या घेऊन जा, सावली फार नाही.

आईंसाठी खरा दिवस म्हणजे कड्यावरचा गणपती. पूर्वी आंजर्ल्यातून पायऱ्या चढून जावं लागायचं, आता गाडी पार देवळापर्यंत जाते. पांढरंशुभ्र देऊळ, समोर तळं, आणि कड्यावरून खाली नारळांची रांग, समुद्र, दूर सुवर्णदुर्ग. गावात सांगतात की देऊळ आधी खाली किनाऱ्यावर होतं, समुद्र आत आला तसा गणपती कड्यावर चढून गेला आणि वाटेत खडकावर त्याचं पाऊल उमटलं. आम्ही सकाळी आठला गेलो, दहा-बारा माणसं होती फक्त. आईंनी शांतपणे अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तनं केली, कोणी घाई केली नाही.

आसूदचं केशवराजाचं देऊळ मात्र गुडघेवाल्यांना नाही. पोफळीच्या बागांतून खाली उतरायचं, ओढ्यावरचा साकव ओलांडायचा आणि मग चढण. बाकीच्यांनी जरूर जा, पाटाने आणलेलं पाणी देवळाजवळ गोमुखातून पडतं, इतकं गार की हात बधिर होतो. आम्ही दोन गट केले, मी आईंना घेऊन मुरुडला दुर्गादेवीच्या देवळात गेले, तिथले लाकडी कोरीव खांब बघत बसलो. मुरुड हे महर्षी कर्व्यांचं गाव. आईंची आई कर्व्यांच्या हिंगण्याच्या शाळेत शिकलेली, त्यांच्या स्मारकापाशी त्या बराच वेळ उभ्या होत्या, चपला काढून. ही जागा आमच्या प्लॅनमध्ये नव्हतीच, केशवराजला जाता येत नाही म्हणून घडलं.

आता खटकलेल्या गोष्टी. मोबाइलला वाडीत रेंज जवळजवळ नाही, खळ्याच्या एका कोपऱ्यात येते, त्यामुळे ऑफिसचं काम घेऊन जाणार असाल तर जमणार नाही. पैसे रोख न्या, यूपीआय रेंजवर अवलंबून. वीज दोनदा गेली, एकदा रात्री दीड तास, इन्व्हर्टर फक्त दिव्यांना. संध्याकाळी वाडीत डास भयंकर, काकू धुरी करतात पण मुलांना लावायचं मलम न्याच. बाथरूमची फरशी ओली झाली की गुळगुळीत होते, दांडी आहे तरी रबरी मॅट हवी, हे मी काकूंना सांगितलं, त्यांनी लगेच वहीत लिहून घेतलं. आणि जेवायला साडेनऊनंतर मिळत नाही, जे माझ्या मते योग्यच आहे, त्या पहाटे पाचला उठतात. एकूण साडेचार तारे, अर्धा त्या फरशीचा कापला.

कासवाची पिल्लं आम्हाला दिसली नाहीत. ऑलिव्ह रिडले कासवं थंडीत येऊन अंडी घालतात, गावातले कार्यकर्ते ती जाळीच्या कुंपणात राखतात आणि पन्नासेक दिवसांनी पिल्लं निघाली की समुद्रात सोडतात. वेळास हे गाव यासाठी प्रसिद्ध आहे पण आंजर्ल्यातही होतं. आम्ही कुंपण बघितलं, आत प्रत्येक घरट्यावर तारखेची पाटी. मार्चच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत शक्यता जास्त, तरी पिल्लं कोणाच्या बुकिंगप्रमाणे निघत नाहीत, त्यामुळे मुलांना नक्की दिसेल असं कबूल करून नेऊ नका. माझी चार वर्षांची त्या पाट्यांना "गुड नाइट" म्हणून आली.

बुकिंगचं म्हणाल तर डिसेंबरचा शेवटचा आठवडा टाळा. शिमग्याला जायचं असेल तर दोन महिने आधी विचारा, तेव्हा पालखी घरोघर येते आणि मुंबईकर चाकरमानी घरी आलेले असतात, खोल्या मिळत नाहीत, पण मिळाली तर सोन्यासारखं. मे महिन्यात आंबे-फणस आहेत पण ऊन आणि घाम आईंसारख्यांना सोसत नाही. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद. आम्ही पुढच्या वेळी कार्तिकी अमावास्येच्या जवळचा शनिवार बघतोय, कॅलेंडरवर आईंनीच खूण केलीय आणि खाली पेन्सिलीने भरतीची वेळ लिहून ठेवलीय.